एकच जुना थ्रिलर सुचवायचा तर नायट्रोग्लिसरिनचे दोन ट्रक

प्रश्न असा आलाय की "क्लासिक म्हणतात तसा एक जुना सस्पेन्स थ्रिलर सुचवा, भाषा कुठलीही चालेल, ब्लॅक अँड व्हाइट असला तरी चालेल, फक्त खुनी कोण टाइपचा नको, कारण तिसऱ्या सीनला खुनी कळतो आणि मग दीड तास नुसतं बसून राहावं लागतं." अट मला आवडली. मी एडिटर आहे, फिल्म कापणं हाच धंदा, त्यामुळे खुनी कोण वाल्या सिनेमांचं माझं तर तुमच्यापेक्षा वाईट होतं, कुठला शॉट गरजेपेक्षा अर्धा सेकंद जास्त ठेवलाय ते दिसलं की संपलंच. तर सरळ उत्तर देतो: 'द वेजेस ऑफ फिअर', १९५३, फ्रेंच, दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लूझो. हिचकॉकची यादी बाकीचे देतीलच आणि ती चुकीची नसेल, पण एकच सांगायचा म्हणालात म्हणून मी हा सांगतोय.

गोष्ट दोन ओळींची. दक्षिण अमेरिकेतलं लास पिएद्रास नावाचं एक काल्पनिक भिकार गाव, तिथे जगभरातून आलेली माणसं अडकून पडलीयेत, काम नाही, विमानाच्या तिकिटाला पैसे नाहीत, उन्हात बसून राहायचं. पाचेकशे किलोमीटरवर अमेरिकन कंपनीच्या तेलविहिरीला आग लागते, ती विझवायला नायट्रोग्लिसरिन पाहिजे आणि ते न्यायला धड गाड्या नाहीत, साधे ट्रक आहेत. चार ड्रायव्हर, दोन ट्रक, पोचलात तर प्रत्येकी २००० डॉलर. दोन ट्रक का, तर एक वाटेत उडेल असं कंपनीने हिशोबातच धरलंय. आणि ही भटकी माणसंच का घेतली, तर यांची युनियन नाही, मागे रडणारं कोणी नाही, उद्या नुकसानभरपाई मागायला कोणी येणार नाही. हे सगळं कंपनीचा माणूस अगदी ऑफिसच्या कामासारखं बोलतो, आणि तिथेच अंगावर काटा येतो.

आता बघा, यात लपवलेलं काय आहे? काहीच नाही. गाडीत काय आहे ते तुम्हाला माहितीये, धक्का बसला तर काय होईल ते माहितीये, रस्ता खराब आहे ते पण आधीच सांगून टाकलंय. खुनी कोण मधे दिग्दर्शक माहिती दाबून ठेवतो आणि तुम्ही ती ओढून काढायला बघता, तुमचा अंदाज बरोबर आला की खेळ खलास. इथे अंदाज लावायला काही ठेवलेलंच नाही, त्यामुळे तुमच्या हुशारीचा काडीचा उपयोग होत नाही, नुसतं बघत बसायचं आणि खुर्चीचे हात धरायचे. बोरघाटात आपल्या पुढे 'अतिज्वलनशील' लिहिलेला टँकर असला की आपला पाय आपोआप ब्रेकवर जातो ना, टँकरवाला निवांत तंबाखू मळत चाललेला असतो आणि घाम आपल्याला फुटतो, तसलं काहीतरी अडीच तास. हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक ट्रुफोला टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलेलं प्रसिद्धच आहे, की बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो आणि बॉम्ब आहे हे आधी सांगितलं तर पंधरा मिनिटं तळमळतो. क्लूझोने तो बॉम्ब टेबलाखालून काढून ट्रकमधे ठेवला आणि ट्रक चालू केला.

आधी एक इशारा. पहिला जवळजवळ तासभर ट्रक निघतच नाहीत. गाव, दारूचा गुत्ता, उकाडा, टवाळक्या, भांडणं. पहिल्याच शॉटमधे एक उघडं पोरगं झुरळं दोऱ्याने बांधून खेळत बसलंय. ज्यांना मी हा सिनेमा सांगितला त्यातले अर्धे लोक या तासात मोबाइल काढतात आणि मला मेसेज करतात की अहो सुरू कधी होणार. थांबा जरा. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, मला उद्या कोणी हा सिनेमा कापायला दिला तर निर्मात्याची पहिली मागणी हीच असेल की वीस मिनिटात ट्रकवर या, आणि मी कापलं तर सिनेमा मेला. कारण त्या तासात तुमच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसते, की इथे राहणं हेच मरण आहे. ती बसली नाही तर पुढे प्रत्येक वळणावर तुम्ही म्हणाल की उतर ना बाबा गाडीतून, कोणी सांगितलंय. तो प्रश्न एकदाही मनात येत नाही ही त्या तासाची कमाई. एकाला ड्रायव्हर म्हणून घेत नाहीत तर तो गळफास लावून घेतो, म्हणजे जीव घेणाऱ्या कामावर नाकारलं म्हणून जीव दिला, यावरून समजून घ्या गाव कसं असेल.

दुसरं म्हणजे त्याच तासात जो नावाचा माणूस उभा राहतो. शार्ल व्हानेलने केलाय, साठीला आलेला पॅरिसचा जुना गुंड, पांढरा सूट घालून विमानातून उतरतो, गुत्त्यात सगळ्यांना दमात घेतो. इव्ह मोंतांचा मारिओ त्याच्यावर फिदा, मागेमागे फिरतो, जुन्या मित्राला सोडतो त्याच्यासाठी. मोंतां तेव्हा गायक म्हणूनच जास्त माहीत होता बरं का, या सिनेमाने त्याला नट केला. मग ट्रक सुरू होतो आणि काही किलोमीटरमधे जोचं पाणी जोखलं जातं, हात थरथरतात, गाडी रेंगाळवतो, उतरून पळायला बघतो. वर मारिओला सांगतो की ते २००० डॉलर नुसते गाडी चालवायचे नाहीत, घाबरायचे पण आहेत, आपण काम वाटून घेतलंय. या रोलसाठी आधी जाँ गाबां या बड्या फ्रेंच नटाला विचारलं होतं आणि भेकड माणूस पडद्यावर करायचा नाही म्हणून त्याने नकार दिला असं सांगतात. त्याचा तोटा, कारण व्हानेलची काँच्या फिल्म फेस्टिव्हलला खास दखल घेतली गेली. माझ्या मते सिनेमाचा खरा थरार ट्रकपेक्षा इथे आहे, आदर किती लवकर तुच्छतेत बदलतो आणि मारिओ त्यानंतर किती क्रूर होत जातो ते बघा. सुरुवातीला आवडलेला माणूस शेवटापर्यंत आवडतच राहतो असं नाही.

आणि हो, सिनेमा एक गोष्ट मात्र खरंच सांगत नाही. ड्रायव्हर म्हणून आधी दुसराच माणूस निवडलेला असतो, निघायच्या वेळी तो येतच नाही, त्याच्याऐवजी हा आपला 'जो' हजर होतो. पहिल्याचं काय झालं? कोणी विचारत नाही, सगळ्यांना कळतं. दुसरा कोणी असता तर त्यावर दहा मिनिटांचा फ्लॅशबॅक टाकला असता.

नायट्रोग्लिसरिनने आग कशी विझते हा प्रश्न मला दरवेळी येतो, तर ते थाप नाहीये. तेलविहिरीची आग म्हणजे खालून जोरात येणारं इंधन आणि वर जळणारी ज्योत, तिथे मोठा स्फोट केला की त्या धक्क्याने ज्योत इंधनापासून तुटते, हवाही क्षणभर बाजूला फेकली जाते, पणतीला फुंकर मारल्यासारखंच पण राक्षसी. १९६२ मधे रेड अडेअर या तेलविहिरींच्या आगी विझवणाऱ्या अमेरिकन माणसाने अल्जेरियात गासी तुईलची गॅसची प्रचंड आग स्फोटानेच विझवली. आणि शुद्ध नायट्रोग्लिसरिन इतकं नाजूक असतं म्हणूनच तर आल्फ्रेड नोबेलने ते एका प्रकारच्या सच्छिद्र मातीत जिरवून डायनामाइट बनवलं, १८६४ च्या स्फोटात त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ गेला होता. सिनेमात हे लेक्चर देत नाहीत. कंपनीचा माणूस थोडंसं खाली पाडून दाखवतो, आवाज होतो, ड्रायव्हरांचे चेहरे बदलतात, झालं. पुढच्या दीड तासाचा नियम तेवढ्यात समजला.

आता एक सीन जरा जवळून सांगतो, आमच्याकडे नवीन येणाऱ्या असिस्टंट मुलांना मी हाच दाखवतो. डोंगरात एक वळण आहे, इतकं अरुंद की ट्रक एका दमात वळूच शकत नाही. मागे रिव्हर्स घ्यायचा तर दरीवर बांधलेला एक अर्धवट लाकडी प्लॅटफॉर्म आहे, त्याच्यावर मागची चाकं न्यायची आणि मग पुढे काढायचा. लाकूड कुजलंय. आधी दुसरा ट्रक तिथून जातो आणि फळ्या आणखी खिळखिळ्या करून जातो, हे तुम्ही बघता, मारिओला ते उशिरा कळतं. मग मारिओचा ट्रक. जो खाली उतरून हाताने दाखवतोय, ये ये ये, आणि मग जो दिसेनासा होतो, डोंगर चढून पळतोय. फळ्या ओल्या, चाकं जागच्या जागी फिरतायत. प्लॅटफॉर्मला धरून ठेवणारी तार ट्रकच्या हुकात अडकते, म्हणजे पुढे जायला जोर लावला की जिच्यावर उभा आहे तीच गोष्ट तो उपटतोय.

हे सगळं कापलंय कसं ते बघा. आधी लांबून एक-दोन शॉटमधे जागा नीट समजावून दिलीये, रस्ता इकडे, दरी तिकडे, फळ्या एवढ्याच. ती एकदा डोक्यात बसली की मग क्लूझो जवळ जातो, चाक, फळी, तार, चेहरा, परत चाक. आणि जवळच्या शॉटमधे तुम्हाला कधीही असं वाटत नाही की आपण कुठे आहोत तेच कळेना. आजकालच्या ॲक्शनमधे नेमकं उलटं होतं, आधीपासूनच जवळून हलता कॅमेरा आणि सेकंदाला दोन कट, मग टेन्शन येत नाही नुसता गोंधळ होतो, आणि तो गोंधळ झाकायला बॅकग्राउंड म्युझिकचा ढोल. इथे म्युझिक नाहीच. जॉर्ज ऑरिकचं संगीत आहे नावाला, पण ट्रक चालू झाल्यावर इंजिन, गिअर, लाकडाची करकर आणि माणसांचा श्वास एवढंच. मी साउंडवाल्यांशी यावर भरपूर वाद घातलेत, की बाबांनो इंजिनचा आवाज बदलला की प्रेक्षकाला कळतं, त्याला व्हायोलिनने कशाला सांगायचंय.

त्याआधी खडबडीत पट्ट्यांचा एक रस्ता लागतो, पत्र्याच्या पन्हळीसारखा, त्याच्यावरून एकतर अगदी मुंगीच्या चालीने जायचं नाहीतर सुसाट, मधला वेग घेतला की हादऱ्याने सगळं उडेल. दोन ट्रक, दोन वेगवेगळे वेग आणि मधलं अंतर कमी होत चाललंय. फिजिक्सचा एवढा साधा नियम घेऊन इतका ताण काढलाय की मला अजूनही मत्सर वाटतो.

पुढे रस्त्यात एक भलामोठा दगड पडलेला असतो, तो बिंबा नावाचा जर्मन ड्रायव्हर गाडीतल्याच मालाने उडवतो. भोक पाडून त्यात ते द्रव हळूहळू ओततो. पेटर फान आयक हा नट, चेहऱ्यावर रेषा हलत नाही त्याच्या, नाझींच्या छळातून वाचलेला माणूस आहे तो गोष्टीत, त्यामुळे आता त्याला कशाचंच काही वाटत नाही. त्याच्या बरोबरचा लुइजी हसरा, गाणारा इटालियन, सिमेंटच्या धुळीने फुप्फुसं गेलेली, डॉक्टरने राहशील तर मरशील सांगितलेलं. चौघांपैकी मला हीच जोडी जास्त आवडते आणि क्लूझोला ते माहिती असावं असा मला संशय आहे.

मग येतो सिगरेटचा शॉट. स्पॉयलर नको असेल तर हा परिच्छेद सोडा, मी पूर्ण सांगत नाहीच आहे. 'जो' गाडीत बसून सिगरेट वळतोय, कागदावर तंबाखू पसरलीये. आणि कागदावरची तंबाखू एकदम उडून जाते, फक्त कागद उरतो हातात. वारा नाही काही नाही. मग चेहऱ्यावर उजेड चमकतो. मग कळतं की लांब कुठेतरी काय झालंय. बस. एवढा मोठा प्रसंग, आणि तो दाखवला एक चिमूट तंबाखूवर. आता कोणी सायन्सवाला म्हणेल की उजेड आधी पोचायला पाहिजे, हवेचा धक्का नंतर, आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण तो क्रम लावला असता तर उजेड बघूनच तुम्हाला कळलं असतं आणि तंबाखू नुसती शोभेला राहिली असती. इथे तुम्ही एक क्षण काहीच न कळता त्या रिकाम्या कागदाकडे बघता. एडिटिंग टेबलवर असले निर्णय घ्यायला हिंमत लागते.

शूटिंगची पण कथाच आहे. दक्षिण अमेरिका वगैरे काही नाही, सगळं दक्षिण फ्रान्समधे कामार्ग भागात सेट उभारून केलंय. १९५१ मधे सुरू केलं, पावसाने धुवून काढलं, क्लूझोचा घोटा मोडला, काम अर्ध्यात थांबलं आणि उरलेलं पुढच्या वर्षी १९५२ च्या उन्हाळ्यात पूर्ण केलं. म्हणजे एकाच प्रवासातले शॉट जवळपास वर्षाच्या अंतराने घेतलेले आहेत, आणि मी मुद्दाम शोधत बसलो तरी जोड सहज सापडत नाही. १९५३ मधे याला काँचं सर्वोच्च बक्षीस मिळालं आणि त्याच वर्षी बर्लिन फेस्टिव्हलचं सर्वोच्च बक्षीस गोल्डन बेअर पण, एकाच सिनेमाला दोन्ही हे आता होतच नाही.

ज्या कादंबरीवरून घेतलाय तिचा लेखक जॉर्ज आर्नो याची गोष्ट तर सिनेमाहून भारी. खरं नाव आंरी जिरार. १९४१ मधे फ्रान्समधल्या त्यांच्या एस्क्वारच्या वाड्यात त्याचे वडील, आत्या आणि मोलकरीण एका रात्रीत मारले गेले, वाड्यात तो एकटाच वाचलेला, आरोप त्याच्यावर. दीडेक वर्ष तुरुंगात काढल्यावर १९४३ मधे तो निर्दोष सुटला. मग दक्षिण अमेरिकेत गेला, तिथे ट्रक चालवण्यासकट पडेल ती कामं केली, परत येऊन १९५० मधे ही कादंबरी लिहिली आणि टोपणनाव घेतलं त्यात पहिलं नाव मारल्या गेलेल्या वडिलांचं. ते खून कोणी केले हे कधी सिद्ध झालं नाही. तुम्हाला खुनी कोण नको होता ना, तो असा मागच्या दाराने आला.

सगळं गोडच बोलतोय असं नको. गुत्त्यात राबणारी, मारिओवर जीव टाकणारी लिंडा, तिचं पात्र, जे क्लूझोच्या बायकोने म्हणजे व्हेरा क्लूझोने केलंय, ते फार वाईट लिहिलंय. मारिओ तिला ज्या पद्धतीने वागवतो ते बघवत नाही, आणि सिनेमाला त्याबद्दल काही म्हणायचंय असंही वाटत नाही, ती नुसती फरशी पुसते आणि झुरते. घरी आईसोबत किंवा मुलींसोबत बघणार असाल तर हे आधीच सांगून ठेवतो. आणि शेवट. शेवटची काही मिनिटं ब्लू डॅन्यूबच्या वॉल्ट्झवर आहेत, दोन ठिकाणचे शॉट एकाआड एक कापलेत, इतका वेळ म्युझिक नव्हतं आणि आता एकदम. कापलंय उत्कृष्ट, पण मला तो शेवट जरा मुद्दाम केल्यासारखा वाटतो, दिग्दर्शकाचा हात दिसतो. माझे बरेच मित्र म्हणतात की याच शेवटासाठी सिनेमा बघावा. तुमचं काय होतं बघा.

बघताना एक काळजी घ्या, लांबी तपासा. अमेरिकेत दाखवताना तेलकंपनीवरची टीका जड वाटली म्हणून बराच भाग कापला होता, ती तोकडी प्रिंट अजून फिरत असते. अडीच तासांच्या आसपासची असेल तीच घ्या. दोन तासाच्या आत संपत असेल तर बंद करा आणि दुसरी शोधा. सबटायटल इंग्रजी मिळतात, संवाद फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी, इटालियन असे मिसळलेले आहेत आणि ते तसेच ऐका, डब केलेला नको, चार देशांची माणसं एकमेकांची भाषा मोडकीतोडकी बोलतात यातच अर्धी गंमत आहे. मोबाइलवर बघू नका, लांबचे शॉट मेले तर प्लॅटफॉर्मचा सीन मेला. आणि पहिल्या तासाला चहा करायला उठायचं असेल तर उठा, ट्रक निघाल्यावर नाही.

आवडला तर विल्यम फ्रीडकिनने १९७७ मधे याच कादंबरीवरून केलेला 'सॉर्सरर' बघा, रंगीत, रॉय शायडर आहे, टँजरीन ड्रीमचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे. त्यात पावसात झुलत्या पुलावरून ट्रक नेतात तो सीन बघून मूळ सिनेमा विसरायला होतो, निदान पंधरा मिनिटं. बिचारा 'स्टार वॉर्स'च्या लाटेत थिएटरमधे आपटला. आणि तरीही कधीतरी खुनी कोण कडे परत वळावंसं वाटलंच तर क्लूझोचाच पुढचा, 'ले दियाबोलिक', १९५५. शाळेचा हेडमास्तर, त्याची बायको आणि त्याची प्रेयसी, दोघी मिळून त्याचा काटा काढतात आणि मग प्रेत जागेवर नाही. त्याच्या शेवटी पाटी येते की शेवट कुणाला सांगू नका, त्यामुळे मी त्याच्याबद्दल याच्यापुढे काही बोलणार नाही.